जन्मदाखल्यावर नाव नाही म्हणून नोटीस आली असेल, तर अर्धं उत्तर पाठवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि २०१८ सालची माझीच फाईल पुढ्यात आल्यासारखं झालं. नवरा अमेरिकन नागरिक, आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरलेला, बोटांचे ठसे देऊन झालेले, आणि आता अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची पुरावा मागणारी नोटीस: भारतातल्या जन्मदाखल्यावर तुमचं नावच नाही. तुम्ही लिहिलंय, "आई आणि मामाची प्रतिज्ञापत्रं तयार आहेत, ती आत्ता पाठवते, नवा दाखला आला की तो मागाहून." कृपा करून असं करू नका. मी नेमकं हेच केलं होतं.

मी वकील नाही, माझ्यावर जे गुदरलं तेवढंच सांगतेय. व्हिसाची मुदत, आधीचा नकार अशी काही गुंतागुंत असेल तर वकिलाला दाखवाच. बाकी आय-१३० (नवऱ्याने नात्यासाठी भरायचा अर्ज), आय-८६४ (आर्थिक हमीपत्र) वगैरे तुम्ही नीट केलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

या नोटिशीला उत्तर एकदाच देता येतं. जे पाठवाल त्यावरच निर्णय होतो, मागाहून गेलेले कागद धरत नाहीत. मुदत जास्तीत जास्त १२ आठवडे, टपालाचे ३ दिवस धरून ८७ दिवस, आणि ती वाढवून मिळत नाही. शिवाय त्या तारखेला पाकीट त्यांच्याकडे पोचलेलं लागतं, त्या दिवशी पोस्टात टाकून भागत नाही.

माझा जन्म आईच्या माहेरचा, तालुक्याच्या गावी. दवाखान्यातून नोंद गेली ती बारशाच्या आधी, म्हणून नाव नाही. ते घालून घ्यायला बाबा तिथल्या कचेरीत खेटे घालत होते. एकदा साहेब रजेवर, एकदा रजिस्टर सापडत नाही, एकदा अर्ज दुसऱ्या नमुन्यात लिहून आणा. तिसऱ्या खेपेला रजिस्टर उघडलं. निळ्या शाईत तारीख, "स्त्री", आईबाबांची नावं, आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ. बाबांनी फोटो पाठवला तेव्हा त्या रेघेकडे मी किती वेळ बघत बसले होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ मधलं कलम १४ नाव नंतर घालण्यासाठीच आहे. माझा शाळा सोडल्याचा दाखला बाबांच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून होता. तरी आठ आठवडे गेले. ६८ वर्षांचा माणूस, दर खेपेला एसटीचे तीन तास जाऊन आणि तीन तास येऊन. कुणी एका चिठ्ठीवर "हे कागद आणा" एवढं लिहून दिलं असतं तर एका फेरीत काम झालं असतं. याचा राग मला आजही येतो.

इकडे माझा धीर सुटला. मुदतीला पाच आठवडे बाकी असताना मी नुसती प्रतिज्ञापत्रं पाठवली, वर पत्र जोडलं की दाखला लवकरच पाठवते. नवव्या दिवशी दाखला बाबांच्या हातात पडला! मी तो लगेच पाठवला, पण उपयोग झाला नाही. अर्ज नामंजूर. तेव्हाची १,२२५ डॉलर फी गेली, नव्याने तेवढीच भरली (आता ती १,४४० आहे). वर्क परमिट त्याच अर्जावर होतं, त्यामुळे हातातली नोकरीही सोडावी लागली. ते महिने फार वाईट गेले.

तुमच्या जागी मी असते तर आज घरच्यांना कचेरीत पाठवून नाव घालण्याचा अर्ज देईन आणि त्याची पोच घेईन. पोच नक्की घ्या. दाखला आला की सगळं एकाच पाकिटात, वर मूळ नोटीस. मुदतीला दहा-बारा दिवस उरले आणि दाखला नाहीच आला, तर मात्र शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्रं, अर्जाच्या पोचपावत्या असं असेल ते सगळं पाठवा. नुसत्या प्रतिज्ञापत्रांवर भिस्त ठेवू नका. आधी जन्मदाखला, तो नसल्याचं दाखवलं तर शाळेसारखे कागद, तेही नसतील तर प्रतिज्ञापत्रं, असा खात्याचा क्रम आहे. आणि तुमच्या जन्माच्या वेळी मामा केवढा होता? आठ-नऊ वर्षांचा असेल तर त्याच्याऐवजी मावशी किंवा आत्या बघा, आणि त्यांना हे कसं माहीत ते स्पष्ट लिहू द्या.

"नोंद आढळत नाही" असा दाखला घ्या, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. माझ्या मते ते तुमच्यासाठी चूक आहे. तुमची नोंद आहे, फक्त नाव नाही. असलेली नोंद नाही म्हणून लिहून घेणं खोटं ठरेल, आणि मुलाखतीत तेच अंगाशी येईल.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर मैत्रिणीनं केलं तरी चालतं, नोटरी लागत नाही. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि दोन्ही भाषा येतात, असं तिनं खाली लिहून सही करायची. या गडबडीत स्वतःच भारतात जाऊन काम उरकावं असं वाटेल, मलाही वाटलं होतं. ॲडव्हान्स परोल (अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात नसेल तर निघू नका, अर्ज सोडून दिला असं धरतात. एच किंवा एल या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नियम वेगळा आहे, तो वकिलाला विचारा.

नोटिशीवर उत्तराची शेवटची तारीख काय दिलीय आणि जन्म कुठे नोंदलाय, वडिलांच्या गावी की आजोळी, ते कळवा. माझ्या अर्जाचा मजकूर अजून आहे, तो तुम्हाला पाठवते.