मराठीत अंगावर काटा आणणारे भयपट का बनत नाहीत? पैसा कमी पडतो की तंत्र? काही सुचवाल का?

पैसाही नाही आणि तंत्रही नाही. आपल्या पडद्यावरचं भूत फार स्वच्छ मराठी बोलतं, म्हणून ते घरातल्याच कुणीतरी पांढरं लुगडं नेसल्यासारखं वाटतं.

मी बेळगावचा, शहापूरचा. 2004 ला कॉलेजात असताना बैलहोंगलच्या मित्रानं जबरदस्तीनं ‘आप्तमित्र’ला नेलं. विष्णुवर्धनचा कन्नड पिक्चर. मूळ 1993 चा मल्याळम ‘मणिचित्रताळु’. हिंदीवाल्यांना ‘भूल भुलैया’ आठवेल, पण तो 2007 चा, म्हणजे आम्ही तीन वर्षं आधीच घाबरून मोकळे. त्यात गंगाचं काम सौंदर्यानं केलंय. ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये विमान अपघातात गेली आणि पिक्चर लागला ऑगस्टमध्ये. विष्णुवर्धन आला की शिट्ट्यांनी कान बसायचे, पण ती समोर आली की बाल्कनी एकदम गप्प. गेलेली बाई पडद्यावर हसतेय हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग गंगाच्या अंगात नागवल्ली नावाची जुन्या काळची नर्तकी येते आणि ती तेलुगू बोलायला लागते. मला कन्नड बाजारहाटापुरतं येतं, मित्राला तेलुगूचा गंध नाही. दोघं सारखेच अडाणी, आणि त्याचा हात माझ्या दंडाला गच्च.

नंतर लक्षात आलं, प्रत्येक अवतारात हीच युक्ती आहे. मल्याळममधली नागवल्ली तमिळ बोलते, कन्नडमधली तेलुगू, हिंदीतली मंजुलिका बंगाली. अंगात येणारी बाई शेजारच्या मुलखातली. कानावरून गेलेली, पण नीट न कळणारी भाषा.

घरी आलो तर थोरले काका दारातच. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात दर एक नोव्हेंबरला काळा दिन पाळणारा माणूस. म्हणाले, “पैसे देऊन कन्नड पिक्चर बघून आलास काय गा?” तिथून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. सीमाप्रश्नावर माझं मत त्यांच्यासारखंच आहे. पण पिक्चर बघितला म्हणून कुणी बाटतं काय? हेच काका ‘तुंबाड’चं तोंडभर कौतुक करतात. वाडा कोकणातला, माणसं मराठी आणि बोलणं हिंदी, ते मात्र चालतं! ‘रात्रीस खेळ चाले’ आमच्याकडं सगळ्यांनी बघितलं ते निम्मं मालवणीसाठीच, पण ते कारण सांगितलेलं काकांना पटत नाही.

एक कबूल करतो, ‘आप्तमित्र’ निम्मा विनोदी आहे आणि शेवटी सगळं मानसोपचारावर येतं, त्यामुळं अस्सल भूतवाल्यांची निराशा होईल. माझी यादीही एकाच पिक्चरची झाली. भुताशी हसतखेळत ओळख हवी असेल तर ‘झपाटलेला’ आहेच, पण त्याला भयपट म्हणू नका.

तर मराठी दिग्दर्शकांनो, आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडं या. पावसात इथं कौलारू घरं आणि जंगल फुकट मिळतंय. सासर पक्कं मराठी दाखवा आणि मधल्या खोलीतून रात्री कुणीतरी जुनं कन्नड बोलू दे. तिकिटं मी काढतो, काकांचंसुद्धा.