एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेला 9 वर्षांचा मुलगा सकाळी शाळेसाठी आवरतच नाही, न ओरडता कसं करून घ्यावं?

तो मुद्दाम करत नाहीये हे आधी डोक्यात पक्कं करा. एडीएचडीत मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे थांबणं, लक्षात ठेवणं, आवरणं बघणारा, तो 2-3 वर्षं मागे चालतो, त्यामुळे अपेक्षा 6-7 वर्षांच्या पोराइतकीच ठेवा. 'दात घास, दप्तर भर, डबा घे' असं एका दमात सांगितलं की शेवटचंच ऐकू जातं, कधीकधी तेही नाही! लांबून किचनमधून हाका मारू नका, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवून एकच सांगा, 'मोजे घाल', घातले की लगेच शाबासकी आणि मग पुढचं. दप्तर-युनिफॉर्म रात्रीच काढून ठेवायचं, सकाळी टीव्ही-मोबाईल बंद. तुमचाच पारा चढला तर दोन मिनिटं गॅलरीत जा सरळ. आणि औषधाचं नातेवाईकांना नका विचारू, बालमानसोपचारतज्ज्ञांना विचारा.