सव्वाअकराला मान टाकणारा सर्व्हर

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत २२ जणांचा स्टाफ आहे. २ जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर डेबियन (लिनक्स), अपाची (वेब सर्व्हर) आणि राउंडक्यूब (ब्राउझरमधून मेल बघायचं सॉफ्टवेअर) चालवतो. हा सर्व्हर मनाला येईल तेव्हा बसतो. कधी दिवसातून दोनदा, तर कधी आठवडाभर काहीच नाही. कधी पानच उघडत नाही, कधी डेटाबेसची एरर येते. मोबाइलवर मेल मात्र येत राहतात. रीस्टार्ट केला की चालू. राउंडक्यूब काढून दुसरं काही टाकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : काढू नका. तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट मोबाइलची आहे. मोबाइल थेट आयमॅप सर्व्हरकडे (मेल ठेवणाऱ्या सर्व्हरकडे) जातो, अपाचीच्या वाटेला जात नाही. म्हणजे मेलची बाजू ठणठणीत आहे. घोळ वेबच्या बाजूला आहे.

आता सर्व्हर बसेल तेव्हा लगेच रीस्टार्ट मारू नका. आधी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग उघडा आणि ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. तिथे बहुतेक मारियाडीबीचं, म्हणजे डेटाबेसचं नाव असेल. रॅम संपली की कर्नल सगळ्यात जाड प्रोसेस बघून तिचाच बळी देतो. राउंडक्यूब लॉगिनची सेशन्सही (कोण आत आहे त्याची नोंद) डेटाबेसातच ठेवतो. म्हणून ती एरर.

रॅम खातं कोण? डेबियनवरच्या अपाचीच्या प्रीफोर्क सेटिंगमध्ये (एकेका विनंतीला एकेक वेगळी प्रोसेस, तोच वर्कर) मॅक्स-रिक्वेस्ट-वर्कर्स, म्हणजे एका वेळचे जास्तीत जास्त वर्कर, १५० असतात. पीएचपी (राउंडक्यूब ज्या भाषेत लिहिलाय ती) आत घेतलेला एक वर्कर ४५ एमबीचा धरा. दीडशे झाले तर पावणेसात जीबी! घरात दोन खोल्या आणि आमंत्रण दीडशे पाहुण्यांना. एरवी चार-पाचच येतात, म्हणून आठवडा सुखात जातो. मग एखाद्या सकाळी सगळे एकदम स्कॅन केलेल्या पीडीएफ पाठवायला बसतात. १५ एमबीची फाइल मेलसाठी एन्कोड झाली (साध्या अक्षरांत बदलली) की २० एमबी होते आणि पीएचपीच्या हातात तिच्या एकाहून जास्त प्रती असू शकतात. फुगलेला वर्कर नंतर सहसा बारीक होत नाही. बंद पडल्याच्या वेळा आठवडाभर वहीत लिहा. माझ्याकडच्या अशा वहीत पाचपैकी चार वेळा सव्वाअकराच्या आसपासच्या निघाल्या होत्या.

हिशेब असा करा. डेटाबेस, मेल आणि स्पॅमचा फिल्टर यांचं बाजूला काढून वेबसाठी ७०० एमबी उरले, तर ४५ ने भागून वर्कर १५. बाकीचे क्षणभर रांगेत थांबतील, कोणाला कळणारही नाही. मॅक्स-कनेक्शन्स-पर-चाइल्ड (एका वर्करने किती जोडण्या हाताळायच्या तो आकडा) मुळात ० असतं, म्हणजे वर्कर कधीच निवृत्त होत नाही. ते ५०० करा. कीप-अलाइव्हची (जोडणी उघडी ठेवण्याची) मुदत ५ वरून २ सेकंदांवर आणा. १ जीबी स्वॅप (डिस्कवरची राखीव मेमरी) ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दर तासाला रीस्टार्ट लावायचा मोह आवरा. मी तो एकेकाळी लावला होता. अर्धवट लिहिलेलं लांबलचक पत्र गेलं म्हणून अकाउंट्सच्या बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा काढला.

लॉगमध्ये ती ओळ सापडलीच नाही, तर अपाचीच्या एरर लॉगमध्ये ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (प्रोग्रॅम कोसळल्याची नोंद) बघा. ते दुखणं वेगळं. बहुधा पीएचपीचं एखादं एक्स्टेन्शन असतं. एकेक बंद करून पाहा, आणि तरीही अडलं तर ती ओळ जशीच्या तशी उतरवून मला पाठवा.