सुपरहिरो मालिकांची तुलना मालिकेशी नव्हे, पर्वाशी करावी लागते

आपण विचारले आहे की ‘ॲरो’, ‘द फ्लॅश’, ‘डेअरडेव्हिल’ आणि ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या चारपैकी सर्वांत चांगली मालिका कोणती, दोन-तीन पर्वांनंतर त्यांचा दर्जा का घसरतो, आणि ‘ॲरो’ चौथ्या पर्वाच्या मध्यावर कंटाळून सोडली असल्यास ती पुढे पाहण्यात काही अर्थ आहे का. एकच नाव द्यायचे झाले तर मी ‘डेअरडेव्हिल’चे देईन, परंतु 39 भागांच्या मालिकेची 170 भागांच्या ‘ॲरो’शी किंवा 184 भागांच्या ‘फ्लॅश’शी तुलना करणे मला फारसे न्याय्य वाटत नाही. चाहत्यांच्या वादात नेहमी असे होते, की एकाच्या डोळ्यांसमोर ‘ॲरो’चे दुसरे पर्व असते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर चौथे, आणि दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असल्यामुळे वाद काही मिटत नाही. म्हणून मी पर्वागणिक बोलतो. पुढे बराच कथाभाग उघड होणार आहे, तेवढे लक्षात असू द्यावे. आपण अद्याप न पाहिलेल्या ‘ॲरो’च्या पाचव्या पर्वाबद्दल मात्र मी हात राखून लिहिले आहे.

‘ॲरो’ 2012 साली सुरू झाली तेव्हा तिची रचनाच दुपेडी होती: वर्तमानात ऑलिव्हर क्वीन धनुष्य घेऊन शहरातल्या गुन्हेगारांमागे लागतो आणि त्याच वेळी लियान यू बेटावरचे त्याचे जुने दिवस आपल्याला तुकड्यातुकड्यांनी दिसत राहतात. दुसऱ्या पर्वात हे दोन्ही पेड एका माणसात येऊन मिळाले. तो माणूस म्हणजे स्लेड विल्सन, बेटावरचा मित्र आणि वर्तमानातला शत्रू. बेटावर ऑलिव्हरसमोर दोन स्त्रियांना गुडघ्यांवर बसवून एकीला निवडण्याची सक्ती केली गेली होती आणि त्यात स्लेडचे जिच्यावर प्रेम होते ती शाडो मारली गेली. कित्येक वर्षांनी स्लेड तोच प्रसंग ऑलिव्हरच्या आई आणि बहिणीला समोर ठेवून पुन्हा उभा करतो, आणि निवड करण्याची वेळ मुलावर येऊ नये म्हणून आई स्वतःच उठून उभी राहते. हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना मला जाणवले, की इथे खलनायकाचे सामर्थ्य त्याच्या तलवारीत फारसे नाही; नायकाकडून त्याचे काही येणे बाकी आहे आणि ते तो वसूल करायला आला आहे, यात ते आहे.

चौथ्या पर्वातल्या डेमियन डार्कपाशी नेमके हेच नव्हते. नील मॅकडोना यांनी ती भूमिका मोठ्या मजेत केली आहे, त्यांचा दोष काढता येणार नाही. पण डार्कचे ऑलिव्हरशी जुने नाते काहीच नाही, त्याला सगळे जगच नष्ट करायचे आहे, आणि जादूच्या बळावर तो हवेतच बाण थांबवतो म्हटल्यावर ज्या मारामारीसाठी आपण मालिका पाहू लागलो तीच निरुपयोगी होऊन बसते. शिवाय फ्लॅशबॅकमध्ये ऑलिव्हरला पुन्हा बेटावर पाठवावे लागले, कारण पाच वर्षांचा वनवास पाच पर्वांत वाटून दिलेला होता आणि सांगण्यासारखे उरले नसले तरी ती जागा भरणे भाग होते. आपण कंटाळलात यात नवल नाही.

‘फ्लॅश’चे दुखणे निराळे आहे, आणि मला ते अधिक चटका लावणारे वाटते. 2014-15 च्या पहिल्या पर्वाच्या शेवटी बॅरी ॲलन, म्हणजेच फ्लॅश, काळात मागे जाऊन आईच्या खुनाच्या रात्री घरात पोहोचतो. तिथे आधीच लढत असलेले त्याचे भविष्यातले रूप त्याला हातानेच ‘नको’ अशी खूण करते. तो दाराआड थांबतो, आईला मरू देतो, आणि नंतर तिच्याजवळ बसून तिचा निरोप घेतो. पर्वभर धाव घेतलेल्या नायकाला अखेर जागेवर उभे राहावे लागते, आणि ग्रँट गस्टिन यांचा अभिनय त्या काही मिनिटांत पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मात्र हाच बॅरी त्याच रात्री परत जाऊन आईला वाचवतो आणि तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात तो बदलही मागे घ्यावा लागतो. एकदा कमावलेला शेवट असा खोडून टाकल्यावर पुढच्या कोणत्याच त्यागावर प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही. त्यातच रिव्हर्स फ्लॅश, झूम आणि सॅव्हिटार असे सलग तीन खलनायक नायकासारखेच वेगाने धावणारे आणि तिघांचीही खरी ओळख पर्वाच्या मध्यापर्यंत किंवा त्याहूनही पुढे लपवून ठेवलेली. पहिल्या वेळी, रिव्हर्स फ्लॅश ज्याच्या रूपात दडला होता त्या हॅरिसन वेल्सचे रहस्य मी श्वास रोखून पाहिले होते. तिसऱ्या वेळी मी फक्त नावांची यादी करून एकेकावर काट मारत होतो.

दर्जा घसरण्यामागे भागांची संख्या हे साधे कारणही आहे. वर्षाला 22 किंवा 23 भाग द्यायचे आणि एकाच शत्रूचा पाठलाग करायचा, तर मधले आठ-दहा भाग तो शत्रू हातातून निसटण्यात जाणार हे उघड आहे. ‘एजंट्स ऑफ शील्ड’ने यातून वाट काढली, म्हणून तिच्याविषयी मला विशेष आदर आहे. 2013 साली आलेल्या या मालिकेचे पहिले सोळा भाग बरेचसे रेंगाळतात, कारण एप्रिल 2014 मध्ये त्याच कथाविश्वातला ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’ हा चित्रपट प्रदर्शित होऊन शील्ड या गुप्तहेर संघटनेत हायड्रा ही शत्रुसंघटना दडल्याचे उघड होईपर्यंत लेखकांना मूळ गोष्टीला हातच लावता येत नव्हता. सतराव्या भागात शील्डच्याच पथकातला ग्रँट वॉर्ड फितूर निघतो आणि तिथून मालिका खऱ्या अर्थाने सुरू होते. चौथ्या पर्वात तर त्यांनी 22 भागांचे तीन हिस्से केले, घोस्ट रायडर, माणसांच्या यंत्रप्रतिकृती आणि हायड्राचे राज्य असलेले आभासी जग, आणि प्रत्येक हिश्श्यातून पुढचा उगवत नेला. दीर्घ पर्व लिहावे कसे, याचा यापेक्षा चांगला नमुना मला या प्रकारच्या मालिकांत आढळलेला नाही.

भाग कमी केले की दर्जा आपोआप सुधारतो असेही नाही. ‘ल्यूक केज’च्या पहिल्या पर्वात तेराच भाग होते, तरीही माहेर्शाला अली यांनी रंगवलेला खलनायक कॉटनमाउथ सातव्या भागात मारला गेल्यावर उरलेले पर्व पोरके झाले. ‘सीक्रेट इन्व्हेजन’चे तर सहाच भाग आहेत आणि तेही मला लांबल्यासारखे वाटले.

‘डेअरडेव्हिल’ला मी वरचे स्थान देतो ते पहिल्या पर्वाच्या दुसऱ्याच भागातल्या कॉरिडॉरमधील मारामारीमुळे. आधीच जखमी असलेला नायक मॅट मर्डॉक एका अपहृत मुलाला सोडवायला जातो, आणि जवळजवळ तीन मिनिटे दृश्य कुठेही न तुटल्यासारखे चालते. कॅमेरा कॉरिडॉरमध्येच राहतो, खोल्यांतून फक्त आवाज येतात, एका दारातून मायक्रोवेव्ह बाहेर फेकला जातो, आणि नायक मधूनच भिंतीला टेकून दम खातो. सुपरहिरो दमतो, हे एवढे स्पष्ट मी तोवर छोट्या पडद्यावर पाहिले नव्हते. दुसऱ्या पर्वात पनिशरचे सुरुवातीचे भाग उत्तम आहेत आणि नंतर निन्जांची गर्दी कथेचा तोल घालवते. तिसरे पर्व पहिल्या पर्वातला खलनायक विल्सन फिस्क याच्याकडे परतते आणि सावरते. तीन पर्वांची सूत्रे वेगवेगळ्या प्रमुख लेखकांकडे होती, तेव्हा हा चढउतार समजण्यासारखा आहे.

काही घसरणींत मात्र कथेचा दोष तेवढा नसतो. 2006 साली सुरू झालेल्या ‘हीरोज’चे पहिले पर्व 23 भागांचे होते; नोव्हेंबर 2007 मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप सुरू झाला आणि दुसरे पर्व 11 भागांवरच आटोपावे लागले.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे. ‘ॲरो’चे उरलेले चौथे पर्व गाळले तरी चालेल, मात्र त्याचा अठरावा भाग पाहून घ्यावा, कारण त्यातल्या मृत्यूचे पडसाद पुढे बराच काळ उमटत राहतात. मग थेट पाचवे पर्व सुरू करावे. त्यातल्या खलनायकाचे मूळ ऑलिव्हरने मुखवटा चढवल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी केलेल्या एका हत्येत आहे, आणि फ्लॅशबॅकची पाच वर्षेही तिथेच पूर्ण होतात. सहावे पर्व मी स्वतः दोनदा अर्धवट सोडले आहे.