दादर-माटुंग्यात राहायला येताय? आधी इथल्या वेळा समजून घ्या

तुम्ही दोघं नाशिकहून येताय. एकाचं ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, दुसऱ्याचं लोअर परळला. घर माटुंगा पूर्वेला घ्यावं की शिवाजी पार्कच्या बाजूला हे ठरत नाहीये आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक घरी जमणार नाही, तेव्हा खाण्यापिण्याचं कसं भागेल, असं तुम्ही विचारलंय. भागेल, आणि उत्तम भागेल. चालण्याच्या अंतरात इतकं ताजं आणि खिशाला परवडणारं खाणं मुंबईत फार थोड्या ठिकाणी मिळतं. एक मात्र आत्ताच मनाशी धरा. या भागात प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आहे. पाणी, भाजी, मासळी, इडली, पोळ्या, सगळं आपापल्या वेळेला येतं आणि वेळेला संपतं. त्या वेळा सांभाळल्या तर खर्च आटोक्यात राहतो. नाही सांभाळल्या तर दर दोन दिवसांनी मोबाइलवरून जेवण मागवावं लागतं आणि महिन्याचा हिशेब बसत नाही.

आधी घर. माटुंगा नावाची दोन स्टेशनं आहेत. मध्य रेल्वेचं ते माटुंगा, पश्चिम रेल्वेचं ते माटुंगा रोड. दोन्हीच्या मध्ये रूळ ओलांडायला पादचारी पूल आहे, त्याला सगळे झेड ब्रिज म्हणतात. दोन्ही ठिकाणी फास्ट लोकल थांबत नाही, तिच्यासाठी दादरलाच जावं लागतं. लोअर परळवाल्यांनी माटुंगा रोडहून स्लो पकडायची, दादर, प्रभादेवी आणि मग लोअर परळ. बीकेसीसाठी आता मेट्रो ३ सगळ्यात सोयीची: दादर, शीतलादेवी, धारावी, बीकेसी. मेट्रोचं दादर स्टेशन पश्चिमेला आहे, त्यामुळे फक्त प्रवास बघितला तर तुमच्यासाठी शिवाजी पार्क, गोखले रोड, माहीम ही बाजू सरस ठरते. दादर स्टेशनवर कुणी जुने फलाट नंबर सांगितले तर गोंधळू नका. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग नंबर आहेत.

घरमालकाशी पहिल्याच फोनवर तीन गोष्टी बोलून घ्या. पहिली, मासे-मटण चालतं का. माटुंगा पूर्वेच्या बऱ्याच इमारतींत चालत नाही आणि ते टोकन दिल्यावर कळलं की मनस्ताप होतो. दुसरी, घर मालकीचं आहे की पागडीचं. पागडीच्या खोलीत समोरचा माणूस स्वतःच भाडेकरू असतो, त्यामुळे तुमच्याशी करार करायचा हक्क त्याला आहे का हे कागदावर बघा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा, तोंडी किंवा नुसत्या स्टॅम्प पेपरवर नको. तिसरी, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, आणि इमारतीला खाली-वर टाक्या आहेत का. जुन्या इमारतींत ठरल्या वेळेलाच पाणी येतं. टाकी अपुरी असेल तर भरायला त्या वेळी कुणीतरी घरात लागतं, आणि दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात हेच सगळ्यात आधी अडतं. वीज इथे बेस्टची, बिल स्वतःच्या नावावर नसलं तरी चालतं. पाइपचा गॅस आहे का ते मात्र विचारा, सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवण्याचा व्याप वाचतो. आणि एक, हिंदमाता आणि गांधी मार्केट हे पावसाळ्यात पाणी तुंबणारे जुने भाग. तिथे तळमजला घेऊ नका.

आता खाणं. माटुंगा पूर्वेची हॉटेलं अशी का आहेत ते कळलं की तिथे वागायचं कसं हेही कळतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची आखणी त्याने केली. रुंद रस्ते, झाडं, मोकळ्या बागा आल्या त्या तिथून. पुढे दक्षिणेतून नोकरीसाठी आलेली मंडळी इथे स्थिरावली आणि त्यांच्या जेवणाखाण्याची सोय म्हणून खानावळी निघाल्या. कॅफे म्हैसूर १९३६, राम आश्रय १९३९, कॅफे मद्रास १९४०, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२. नोकरदाराला पोटभर, स्वच्छ आणि चटकन जेवायला मिळावं हा यांचा मूळ उद्देश, आणि तो अजून टिकून आहे. म्हणून टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावं लागतं, खाऊन झालं की उठायचं असतं, आणि गप्पा मारत बसायची ती जागा नव्हे. हे उद्धटपणाचं लक्षण नाही. बाहेर उभा असलेला माणूसही भुकेलाच असतो.

राम आश्रय पहाटे पाचला उघडतं. कामाच्या दिवशी साडेसहा-सातला जा, बाहेर दोन-चार माणसं असतील. रविवारी नऊला गेलात तर फुटपाथभर रांग. तिथला अननसाचा शिरा आवर्जून घ्या. कॅफे मद्रासला बाहेर यादीत नाव लिहून थांबायचं. रसम वडा आणि पोडी इडली या तिथल्या खास गोष्टी. दुपारी मधले तास ते बंद असतं आणि सोमवारी सुट्टी. रामा नायक स्टेशनला लागून असलेल्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. आधी कुपन घ्यायचं, मग बसायचं. दुपारचं जेवण पावणेतीनच्या आत आटोपतं, तेही सोमवारी बंद. वाढप हवं तितकं मिळतं, पण पानात टाकलेलं तिथे खपवून घेत नाहीत, तेव्हा पहिल्यांदा थोडंच वाढून घ्या. उडुपी पद्धतीच्या सांबाराला गुळाची गोडसर चव असते. पहिल्या घासाला नाशिकच्या जिभेला ती वेगळी वाटेल, चार दिवस द्या.

रोज बाहेर कॉफी प्यायची नसेल तर पावडर माटुंग्यातच घ्या. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानात समोर दळून देतात. सुरुवातीला ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी सांगा, आणि २०० ग्रॅमच घ्या, कारण दळलेल्या पावडरीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरतो. स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात दोघांसाठी तीन मोठे चमचे पावडर घाला, चकतीने अलगद दाबा, उकळी नुकतीच थांबलेलं साधारण १२० मिली पाणी गोल फिरवत ओता आणि झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. खाली थेंब पडतच नसतील तर पावडर फार दाबली गेली आहे किंवा फार बारीक दळली आहे. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दाबली कमी, आणि कॉफी पाणचट होणार. खाली साठलेला अर्क, म्हणजे डिकॉक्शन, पुन्हा उकळू नका, कडवट होतं. एक भाग डिकॉक्शन, तीन भाग कडकडीत दूध. रात्री लावून ठेवलं तर सकाळी थांबावं लागत नाही.

दादर पश्चिमेला पदार्थही मराठी आणि तऱ्हाही मराठी. गोखले रोडवरचं प्रकाश साबुदाणा वडा आणि पियूष यासाठी, शिवसेना भवनासमोरचं आस्वाद मिसळ आणि थालीपीठ यासाठी. नाशिकच्या काळ्या मसाल्याची, पापड-दह्याबरोबरची मिसळ डोक्यात ठेवून आस्वादला गेलात तर ही सौम्य लागेल. तिचा तिखटपणा बेताचा आणि गोडसरपणा मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणून तिला तिच्या जागी खा. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत तिला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं होतं. बटाटेवडा छबिलदास गल्लीतला श्रीकृष्णचा. तो मोठा असतो, दोघांत दोन पुरतात, आणि कढईतून निघाल्यावर लगेच खायचा. डब्यात घालून घरी नेला तर वाफेने आवरण मऊ पडतं. स्टेशनजवळचं मामा काणे १९१० पासूनचं आहे, गाडी पकडण्याआधी उभ्या उभ्या काही खायला चांगलं. पूर्वेला हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनी आणि किंग्ज सर्कलला कूलर हे इराणी, ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि ऑम्लेटला.

मालवणी-गोमंतकी जेवायचं तर आर. के. वैद्य रोडवरचं सिंधुदुर्ग धरा. दुपारी थाळीच घ्या. रात्री सुटे पदार्थ मागवत गेलं की बिल भराभर वाढतं. पापलेट, सुरमई, हलव्याच्या तुकड्याचा भाव रोजच्या बाजारावर ठरतो, तेव्हा मागवण्याआधी विचारायला संकोच करू नका, तिथले गिऱ्हाईक सगळे विचारतात.

रोजचा आधार मात्र पोळी-भाजी केंद्रांचाच. दादर-माहीमच्या गल्ल्यांत ती बरीच आहेत, बहुतेक बायका चालवतात. संध्याकाळच्या पोळ्या हव्या असतील तर सकाळीच फोन करून आकडा सांगून ठेवा. आठच्या पुढे गेलात तर भाजी उरते, पोळ्या नाही. माझं स्पष्ट मत असं, की पोळ्या बाहेरून आणा आणि भात, आमटी, कोशिंबीर घरी करा. वेळ खाणारं काम पोळ्यांचंच असतं, आमटी-भात कुकरला अर्ध्या तासात होतो, आणि रोजची बाहेरची भाजी महिन्याभरात तेलामुळे नकोशी होते. वेगवेगळी दोन-तीन केंद्रं आठवडाभर चाखून बघा आणि मग एकाच ठिकाणी नेमाने जा. नेमाच्या गिऱ्हाइकाला उशीर झाला तरी चार पोळ्या बाजूला ठेवतात.

भाजीसाठी दादर स्टेशनबाहेर सेनापती बापट मार्गावर, केशवसुत पुलाच्या आसपास पहाटे घाऊक बाजार भरतो. तिथे पालेभाजी एक जुडी नाही, पाच-दहा जुड्यांच्या हिशेबाने देतात. दोघांच्या घरात तेवढी सडते, तेव्हा शेजाऱ्यांबरोबर वाटून घेणार असाल तरच जा. एरवी सकाळी नऊनंतर त्याच भागात किरकोळ विकणारे बसतात. फुलबाजारही तिथेच. दसऱ्याचा झेंडू दोन दिवस आधी घ्या, आदल्या रात्री भाव हाताबाहेर जातो. शेवग्याच्या शेंगा, सांबाराचे छोटे कांदे, कच्ची केळी, केळीची पानं, ताजा कढीपत्ता यांसाठी माटुंगा मंडई.

मासळीला सिटीलाइटचं गोपी टँक मार्केट. सोमवार, गुरुवार, शनिवार वार पाळणारे बरेच असल्यामुळे गर्दी कमी असते, रविवारी दहानंतर पाय ठेवायला जागा नसते. कोळणीशी घासाघीस करायचीच, पण सकाळच्या भवानीच्या वेळी फार ताणू नका. पापलेटचा कल्ला दाबून बघा, पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर सोडून द्या. बांगडा शेपटीकडे लोंबला नाही पाहिजे, डोळा चकचकीत हवा. मांदेली, बोंबील वाट्यावर मिळतात, वाटा उलटवून खालची मासळी बघा, वर ताजी आणि खाली कालची असं होतं. कापून, साफ करून तिथेच मिळते, फक्त कालवणाला की तळायला ते आधी सांगा, तुकडे त्याप्रमाणे पडतात. बोंबील तळायचे असतील तर मधून चिरून घ्या, घरी दोन फडक्यांमध्ये पसरून वर पाट आणि पाटावर पाण्याचं जड पातेलं अर्धा तास ठेवा. पाणी निघालं नाही तर तव्यात रवा सुटतो आणि बोंबील मोडतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मोठं पापलेट दिसलं तर ते बर्फातलं समजा, आणि सुकट, सोडे, सुके बोंबील मे महिन्यातच भरून ठेवा.

शिवाजी पार्कला घर घेतलंत तर वर्षातले काही दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून माणसं येतात, आधीचे दोन दिवस आणि तो दिवस रस्ते वाहनांना बंद असतात. दूध, भाजी, औषधं आधी आणा, आणि गाडी असेल तर ती आधीच लांब लावून या. अनंत चतुर्दशीला दादर चौपाटीकडे जाणाऱ्या रस्त्यांचं तसंच. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) मंडळाच्या गणपतीचे पाच दिवस बस रेंगाळतात. दिवाळीआधीच्या रविवारी रानडे रोडवर चालणंही कठीण होतं, खरेदी मंगळवार-बुधवारी सकाळी करा. फराळ घरगुती करून देणाऱ्या बायकांकडे नवरात्रातच नोंदवावा लागतो, वसुबारसेला विचारलंत तर चकली संपलेली असते.

घर बघायला याल तेव्हा रविवारी येऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी सहाला उतरा, पाणी येण्याच्या वेळेला त्या इमारतीत उभे राहून नळाचा जोर बघा, मग तिथून ऑफिसच्या वेळेला स्टेशनपर्यंत चालून जा. संध्याकाळी साडेसातला परत त्याच गल्लीत या आणि सगळ्यात जवळचं पोळी-भाजी केंद्र किती मिनिटांवर आहे ते मोजा. दहा मिनिटांपेक्षा लांब असेल तर दुसरं घर बघा.