फाडायच्या आधी एकदा योहानाचं ऐक

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही मला. बाबांची पेंटिंग्ज नीट ठेवणार आहेस ते छानच, पण त्यांच्या पत्रांमधली उसनवारी आणि भांडणं वाचून "ही फाडून टाकते, लोक काय म्हणतील" असं जे लिहिलंयस ना, ते आधी थांबव. प्लीज.

चित्रकार विन्सेंट व्हॅन गॉगचं नाव माहितीये सगळ्यांना, पण त्याची वहिनी योहाना, तिच्याबद्दल वाच. जुलै 1890 मध्ये विन्सेंट गेला, सहा महिन्यांत त्याचा भाऊ थिओ, म्हणजे हिचा नवरा, तोही गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, ही अठ्ठावीस वर्षांची, कडेवर एक वर्षाचं पोर, आणि घरात शेकडो चित्रं ज्यांना तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. तिने हॉलंडमध्ये बुसुम नावाच्या गावात बोर्डिंग हाउस चालवलं, भाषांतरं केली आणि भिंतींवर ती चित्रं लावली. आणि रात्री पत्रं वाचायची. थिओने भावाची पत्रं जपून ठेवली होती, साडेसहाशेच्या वर, आणि बऱ्याच पत्रांवर तारीखच नाही! मजकुरातल्या बारीकसारीक उल्लेखांवरून कुठलं आधीचं कुठलं नंतरचं हे लावत बसायचं, विचार कर किती चिकाटी लागली असेल.

त्या पत्रांत काय आहे माहितीये? पैसे पाठव, रंग संपले, कॅनव्हास पाठव, मधेच भावावर चिडणं, आणि त्याच पानावर रंगांबद्दल असं काही की वाचताना अंगावर काटा येतो. हे वेगळं काढताच येत नाही गं. पैशाची ओळ खोडलीस तर ते चित्र किती ओढाताणीत झालं हेच कळणार नाही.

तिने ती पत्रं छापली 1914 ला, तीन खंडांत. म्हणजे तेवीस वर्षं थांबली ती. का, तर आधी चित्रांना मान मिळू दे, त्याआधी माणसाच्या आयुष्याबद्दल कुतूहल जागवणं हा त्याच्यावर अन्याय होईल असं तिनेच लिहून ठेवलंय. मधे 1905 ला अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये चारशेहून जास्त कलाकृतींचं प्रदर्शन तिने उभं केलं होतं. आणि छापताना घरातल्या काही नाजूक गोष्टी गाळल्या तिने, काही नावांची नुसती आद्याक्षरं ठेवली. पण मूळ कागद? ते जपले. म्हणून तर 2009 मध्ये अख्खा पत्रव्यवहार, 902 पत्रं, गाळलेल्या भागासकट बाहेर येऊ शकला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तरी यातच दिसतं, की आज काय दाखवायचं ते तू ठरव, लपवायचं तर लपव, पण कागद फाडू नकोस.

उलटी बाजू पण सांगते. विन्सेंटला पत्रं सांभाळायची सवय नव्हती, त्यामुळे थिओने त्याला लिहिलेली जेमतेम चाळीसेक उरलीत. एवढी वर्षं पैसे आणि धीर पुरवणाऱ्या माणसाचा आवाज जवळजवळ गेला, मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून बाबांना ज्यांची पत्रं आली तीही ठेव, आणि बाबांनी ज्यांना लिहिली त्यांच्याकडे विचार, वेळ घालवू नकोस.

चित्रं विकण्याबद्दल विचारलंयस. योहानाने विकली की, बरीच विकली, संसार चालवायचा होता आणि चित्रं लोकांच्या नजरेतही यायला हवी होती. पण हिशेबाची वही ठेवली आणि काही हातची सोडली नाहीत. एक सूर्यफुलांचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला द्यायला आधी नाहीच म्हणाली, मग 1924 ला दिलं. पुढे ते कडेवरचं पोर इंजिनियर झालं आणि त्याने उरलेला संग्रह 1962 मध्ये एका फाउंडेशनकडे सोपवला, 1973 ला अॅमस्टरडॅममध्ये म्युझियम उघडलं.

तर आता असं कर, पाकिटं फेकू नकोस, शिक्क्यावर तारीख असते. प्रत्येक पत्र त्याच्याच पाकिटात ठेव, मागे पेनने काही लिहू नकोस, आधी सगळं स्कॅन कर आणि जे वाचायला त्रास होतो ते वेगळ्या फोल्डरमध्ये बंद करून ठेव. रविवारी कॉल करते, तोवर पहिली वीस पत्रं लावून झाली असतील तर मला दाखव.

तुझी,
मावशी