थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर बीपी अजून उतरतंय, त्याबद्दल

ताई, बहिणीला थायरॉईड कमी निघालं, गोळी सुरू केली तर बरं वाटायचं सोडून चक्कर वाढली, बीपी ९०/६०, आणि आता डॉक्टर किडनीवरच्या ग्रंथीचं म्हणतायत, तर गळ्यातल्या आजाराचा बीपीशी संबंध काय, हा तुमचा प्रश्न ना? मी स्वतः अ‍ॅडिसनचा, म्हणजे ती किडनीवरची ग्रंथी निकामी होण्याच्या आजाराचा पेशंट आहे, बारा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थायरॉईड कमी पडण्यामागे बऱ्याचदा हाशिमोटो असतो, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या आपल्याच टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ग्रंथीत घुसून ती पोखरतात, कुंपणानेच शेत खायचा प्रकार. आणि एक ग्रंथी अशी गेली की दुसरी जायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, क्वचित ती अ‍ॅड्रिनल, म्हणजे किडनीवरची ग्रंथी निघते. तिच्या बाहेरच्या भागात अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स बनतात. अल्डोस्टेरॉन संपलं की किडनी मीठ धरून ठेवत नाही, मिठामागे पाणी जातं, बीपी बसतं, पोटॅशियम मात्र चढतं. कॉर्टिसॉल नसलं की रक्तवाहिन्या अ‍ॅड्रिनॅलिनलाही नीट दाद देत नाहीत. मी तेव्हा लोणच्याचा खार वाटीने प्यायचो, घरचे हसायचे, आणि वर्षभर अशक्तपणा म्हणून नुसती टॉनिकं घेतली. रिपोर्टमधे २१-हायड्रॉक्सिलेजची (ही हार्मोन्स बनवणाऱ्या एन्झाइमविरुद्धची) अँटीबॉडी आली तर ती फक्त खूण समजा, मोडतोड मुख्यतः टी पेशींची.

आता गोळीचं. थायरॉक्सिनमुळे शरीर कॉर्टिसॉल जास्त वेगाने संपवतं, मग अ‍ॅड्रिनल आधीच रिकामी असेल तर होतं तेवढंही जातं. म्हणून दोन्ही आजार असले तर आधी स्टेरॉईड, मग थायरॉईडची गोळी. पण मनाने काही बंद करू नका, डॉक्टरांना आजच फोन करा, आणि उलट्या सुरू झाल्या किंवा ती बेशुद्ध पडली तर वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी.

तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडलेत का बघा. ग्रंथी ऐकत नाही म्हणून मेंदूकडून एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला कामाला लावणारं हार्मोन) भरमसाट सुटतं आणि त्यानेच रंग चढतो. सकाळी आठचं कॉर्टिसॉल, एसीटीएच, सोडियम, पोटॅशियम हे करून घ्या. सीटी सांगितला तर घाबरू नका, आपल्याकडे टीबीनेही ही ग्रंथी जाते, थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मधे लंडनला आजार लिहून ठेवला तेव्हा मोठं कारण टीबीच होतं.

बाय द वे, या टी पेशी बीपी फक्त उतरवतात असंही नाही. २००७ मधे अमेरिकेत एमोरी युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी टी आणि बी (अँटीबॉडी बनवणाऱ्या) पेशी नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन, म्हणजे बीपी चढवणारं हार्मोन दिलं तर बीपी फारसं चढलं नाही, नुसत्या टी पेशी परत घातल्या की चढलं. माणसात यावरून अजून गोळी वगैरे आलेली नाही, त्यामुळे तुमच्या कामाचं नाही, पण मला भारी वाटतं.

निदान झालंच तर हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच्या जागी) आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन (अल्डोस्टेरॉनच्या जागी) रोज, ताप आला की डोस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवायचा, आणि १०० एमजीचं हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन घरात ठेवून ते द्यायला तुम्हीही शिकायचं, माझी बायको संत्र्यावर शिकली. सोडियम-पोटॅशियमचे आकडे आले की मला कळवा.